रहस्यकथेंतील आकाशवाणी

आमच्या पलूसच्या वाचनालयांत सर्वांत आधीं झिजतात तीं रहस्यकथांचीं पुस्तकें. बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक कथा लिहून लावलेली ही गोडी हेटाळण्याजोगी खास नाहीं. परंतु आम्ही अलीकडे वाचलेल्या कथांवर आमचा एक आक्षेप आहे. शेवटच्या प्रकरणांत रक्ताच्या डागावरून माणूस ओळखणारा डीएनएचा अहवाल येतो, गुन्हेगार सांपडतो आणि लेखक लेखणी खालीं ठेवतो. जुन्या नाटकांतील आकाशवाणीहून हें निराळें तें काय?

प्रत्यक्षांत घडलें तें अधिक रसपूर्ण आहे. अलेक जेफ्रीज यांना १९८४ सालीं ही पद्धति गवसली. लेस्टरशायरमधील दोन मुलींच्या खुनांच्या तपासांत १९८६ सालीं तिनें प्रथम कोणास पकडलें नाहीं. एका खुनाची कबुली देऊन बसलेल्या सतरा वर्षांच्या निरपराध मुलास सोडविलें. खरा खुनी आपल्याऐवजीं सहकाऱ्याचें रक्त देऊन निसटला होता. १९८७ सालीं त्या सहकाऱ्यानें मद्यगृहांत केलेल्या बडबडीनें तें कपट फुटलें; रक्ताची साक्ष त्यानंतरची.

निर्दोष माणूस खून कबूल कां करतो, हा खरा कथाकाराचा प्रश्न. आमचे लेखक तो टाकून अहवाल तेवढा उचलतात. निरपराध्याच्या सुटकेपासून आरंभ होणारी रहस्यकथा मराठींत कोणी लिहील काय?