पेडल घट्ट झालं, पण ब्रेक सुधारला का?



पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "एखादा दावा तपासायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" आज आपण एक छोटासाच दावा घेऊ आणि त्याची नीट चिरफाड करू. विषय यंत्र अभियांत्रिकीचा आहे, पण तुमची शाखा वेगळी असली तरी वाचा. यातली चूक सगळ्या शाखांत होते.

गेल्या सुट्टीत दिवेआगरला मामाकडे गेले होते. मामेभाऊ वाडीतल्या घरात पर्यटकांना खोल्या देतो आणि जुन्या गाडीतून त्यांना माणगाव स्टेशनवरून आणतो-सोडतो. त्याचा पुण्याचा मित्र ताम्हिणी घाट उतरून आला होता. त्या मित्राने गाडीत दोन गोष्टी बाहेरून बसवून घेतल्या होत्या. एक म्हणजे ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला पुढून टेकू देणारी लोखंडी पट्टी. दुसरा, इंजिन हलू नये म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये बसवलेला दांडा. भावाने ती गाडी एकदा चालवली आणि मला म्हणाला, "ताई, पाय ठेवला की ब्रेक! मीपण लावून घेऊ का?"

मीही गावातल्या गावात एक चक्कर मारली. पेडल खरंच घट्ट होतं. मी जवळजवळ "घे लावून" म्हणणारच होते. मग सहज विचारलं, पट्टी बसवताना आणखी काय काय केलं? उत्तर आलं, "काही नाही, ब्रेक ऑइल बदललं आणि एअर काढली."

झालं! इथेच आपला प्रयोग फसला. ब्रेकच्या नळीत हवा असेल तर पेडल स्पंजसारखं आत जातं, कारण हवा दबते. ती हवा काढली की पेडल आपोआप घट्ट होतं. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिलं. तुमच्या प्रस्तावात परीक्षक सगळ्यात आधी हीच फट शोधतात.

दाव्यात तथ्य किती?

टीका करायची म्हणजे समोरचा मूर्ख आहे असं गृहीत धरायचं नसतं. आधी त्याची बाजू जमेल तितकी मजबूत करून मांडायची.

ब्रेकचं पेडल म्हणजे तरफ. समजा तिचं गुणोत्तर ४ आहे. तुम्ही पायाने २०० न्यूटन जोर दिला, तर मागच्या दांड्यावर ८०० न्यूटन जोर येतो. हा दांडा बूस्टरला ढकलतो, बूस्टर मास्टर सिलिंडरला. आणि हे सगळं प्रकरण इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पातळ पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर, बोल्टने बसवलेलं असतं. पत्रा म्हटला की तो थोडा वाकणारच. तो १ मिलिमीटर पुढे सरकला, तर तरफेमुळे पायाखाली ४ मिलिमीटर वाया जातात. पायाला हे नक्की कळतं. पट्टी मास्टर सिलिंडरला पुढून अडवते, पत्रा कमी वाकतो, पेडल कमी आत जातं.

काही युरोपीय गाड्यांच्या उजव्या स्टिअरिंगच्या मॉडेलमध्ये बूस्टर डावीकडेच ठेवतात आणि पेडलचा जोर आडव्या दांड्याने तिकडे नेतात. तिथे वाकण्याच्या जागा वाढतात, म्हणून टेकू देण्याचा विचार अगदी रास्त आहे.

म्हणजे "पेडल घट्ट होतं" हा दावा पटण्यासारखा आहे. पण भावाला मनातून हवं होतं ते वेगळं. त्याला हवं होतं, पाहुणे बसलेले असताना गाडी लवकर थांबावी. ही दोन वाक्यं एकच आहेत का?

मासळीचा काटा

मासळीवालीचा स्प्रिंगचा काटा आठवा. तो सुतळीने टांगला काय किंवा सायकलच्या ट्यूबने टांगला काय, सुरमईचं वजन तेवढंच भरतं. ट्यूब ताणली जाईल, काटा खाली येईल, आकडा मात्र बदलणार नाही. एकामागे एक जोडलेल्या साखळीत प्रत्येक कडीवर जोर तोच असतो.

वाकणारा पत्रा म्हणजे ती ट्यूब. पाय २०० न्यूटननेच दाबत असेल, तर पत्रा वाकला तरी ब्रेक ऑइलमधला दाब जवळपास तेवढाच राहतो. पॅड डिस्कला तेवढ्याच जोराने धरतात. पट्टीने पायाचा प्रवास बदलतो, थांबवणारा जोर बदलत नाही. संवेदना आणि कामगिरी या वेगवेगळ्या राशी आहेत. पहिली मोजून दुसरीबद्दल निष्कर्ष काढला, हीच या दाव्यातली मुख्य चूक.

आता तुम्ही म्हणाल, प्रवास कमी म्हणजे वेळही वाचला ना? बरोबर, हिशोब करू. दचकून ब्रेक मारताना पाय सेकंदाला अर्धा मीटर वेगाने खाली जातो असं धरा. ४ मिलिमीटरला ८ मिलिसेकंद लागतील. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल, तर तेवढ्या वेळात ती सुमारे १३ सेंटीमीटर पुढे जाते. फायदा आहे, पण एवढाच. त्याच वेगाने, चालकाला धोका कळून पाय उचलायला १ सेकंद लागला, तर गाडी १६ मीटरहून जास्त गेलेली असते. मोबाईल बाजूला ठेवण्याचा फायदा पट्टीपेक्षा कितीतरी मोठा!

घट्ट पेडलने जोर नेमका किती द्यायचा हे चालकाला चांगलं समजत असेल, हेही शक्य आहे. पण तो तिसरा दावा झाला. त्याला वेगळी चाचणी लागेल.

इंजिनाचा दांडा

इंजिन रबरी माउंटिंगवर बसवतात ते हलू देण्यासाठीच. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १०० किलो धरा. जोरात ब्रेक मारल्यावर सुमारे ७८० न्यूटन जोराने हे धूड पुढे झुकतं आणि किंचित उशिरा थांबतं. दांडा लावला की हा धक्का कमी होतो, गाडी आटोपशीर वाटते. पण चाकांवरचा ब्रेकचा जोर त्याने वाढत नाही.

शिवाय त्याची किंमत मोजावी लागते. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर शांत चालू असतं, तेव्हा सेकंदाला २५ ठोके बसतात. रबरावर बसलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या १० असेल, तर साधारण १९ टक्के कंपनच बॉडीत उतरतं. आता दांड्यामुळे एकूण ताठरपणा चौपट झाला असं समजा. कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे २० होते. मग बॉडीत उतरणारं कंपन १७८ टक्क्यांवर जातं, म्हणजे नऊपटीहून जास्त. मी इथे घर्षण शून्य धरलंय. प्रत्यक्षात रबर थोडं कंपन शोषतं, त्यामुळे आकडे सौम्य होतील, पण दिशा तीच राहील. स्टिअरिंग थरथरायला लागलं की पुष्कळांना "गाडी स्पोर्टी झाली" असं वाटतं. बघा, पुन्हा संवेदनाच!

मग चाचणी कशी करायची?

गंमत म्हणजे या पट्टीतच उत्तम प्रयोग दडलाय. तिच्या टोकाला सहसा एक बोल्ट असतो. तो फिरवून मास्टर सिलिंडरला टेकवायचा. तोच बोल्ट थोडा मागे घेतला की पट्टी जागेवर दिसते, पण काम करत नाही. औषधांच्या चाचणीत जशी खोटी गोळी असते, तशी ही खोटी पट्टी.

पहिली पायरी, गाडी उभी. सहायकाने नाणं उडवून बोल्ट टेकवायचा किंवा मागे घ्यायचा आणि बोनेट बंद करायचं. इंजिन चालू ठेवून चालकाने पेडल दाबून सांगायचं, पट्टी लागली आहे की नाही. चालकाने बोनेटकडे बघायचं नाही आणि सहायकाने चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. असं १० वेळा. नुसत्या अंदाजाने ९ किंवा १० वेळा बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे १ टक्का. तेवढं जमलं तर संवेदना खरी आहे असं मानायला हरकत नाही.

दुसरी पायरी, डायल गेज लावून मास्टर सिलिंडर किती सरकतो ते मोजा. इथे एक खोच आहे. गेजचा चुंबकी पाया जिथे बसवाल, तो पत्राही हलत असेल तर? मग तुम्ही दोन हलणाऱ्या वस्तूंमधला फरक मोजताय. संदर्भबिंदू स्थिर आहे ना, हे आधी सिद्ध करा.

तिसरी पायरी, थांबण्याचं अंतर. पायाचा जोर, ऑइलचा दाब आणि गाडीचा मंदावण्याचा दर हे तिन्ही एकत्र मोजायचे. टायर तेच, रस्ता तोच, ब्रेकचं तापमान दर वेळी सारखं. हे काम चाचणीच्या बंदिस्त ट्रॅकवरच करायचं, घाटात नाही आणि दिवेआगरच्या किनाऱ्यावर तर मुळीच नाही. वाळूवर तुम्ही वाळू मोजाल, ब्रेक नाही.

खरा धोका कुठे आहे?

चुकीची राशी सुधारली की खरी अडचण झाकली जाते. १२०० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत २० लिटर पाणी उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये उतरलात तर बराच भार इंजिन उचलतं. न्यूट्रलमध्ये उतरलात तर सगळा ब्रेकवर. त्यात इंजिन बंद केलंत, तर बूस्टरचा व्हॅक्यूमही थोड्या दाबांत संपतो.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं. डॉट ३ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश असावा लागतो, पण ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर किमान १४० पुरतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल सरळ खाली जातं. तिथे पट्टी काहीही करू शकत नाही. खाऱ्या हवेने फायरवॉलचा पत्रा गंजलेला असेल, तर पट्टीमुळे पेडल घट्ट लागेल आणि गंजाची सूचना देणारा पायच गप्प होईल.

भावाला मी एवढंच सांगितलं, आधी बोनेट उघडून बघू. ब्रेक ऑइल काळपट झालं होतं आणि इंजिनाच्या एका माउंटिंगचं रबर फाटलं होतं. त्याने दोन्ही बदलून घेतलं. चार दिवसांनी फोन आला, "ताई, पेडल एकदम टाइट! म्हणजे पट्टी बेकारच असते ना?"

मी म्हटलं, "नाही रे, हेही सिद्ध झालेलं नाही. तू पट्टी तपासलीसच कुठे?"

तुमच्या प्रस्तावातलं मुख्य वाक्य आज पुन्हा वाचा. तुम्हाला हवी असलेली राशी आणि तुम्ही मोजणार असलेली राशी, दोन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. त्या वेगळ्या निघाल्या, तर मुलाखतीआधी दुरुस्त करायला तुमच्याकडे अजून वेळ आहे.