चित्रबिंदू आणि चित्र : ‘स्ट्रीट फायटर २’च्या प्रमाणाचा प्रश्न

जुन्या व्हिडिओ खेळांचे चित्र आजच्या पडद्यावर रुंदी-उंचीच्या कोणत्या प्रमाणात मांडावे, हा प्रश्न सामान्यतः केवळ तांत्रिक समजला जातो. वस्तुतः तो अर्थनिर्णयाचा प्रश्न होय. एका पक्षाच्या मते प्रत्येक चित्रबिंदू, म्हणजे पिक्सेल, चौरस ठेवावा. तसे केल्यानेच मूळ सामग्री अविकृत राहते. हे मत सकृद्दर्शनी निर्दोष वाटते. परंतु कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’च्या कसोटीवर ते टिकत नाही.

ह्या खेळाच्या १९९१ च्या आर्केड-आवृत्तीचे चित्र ३८४ × २२४ बिंदूंचे आहे. १९९२ च्या सुपर फॅमिकॉम-आवृत्तीचे २५६ × २२४ बिंदूंचे. दोन्ही चित्रे सुमारे ४:३ प्रमाणाच्या काचनळीवर उमटत. म्हणजे पहिल्या आवृत्तीत बिंदू आडवा आक्रसे, दुसरीत तो रुंदावे. दोहोंतील बिंदू चौरस मानल्यास चौकटी अनुक्रमे १२:७ आणि ८:७ होतात. एकीतील योद्धे अकारण स्थूल, तर दुसरीतील अकारण कृश दिसू लागतात. त्यावरून शरीररेखनाची समीक्षा केल्यास चित्रकाराने न केलेल्या दोषाचे खापर त्याच्या माथी फुटेल.

येथे लेखन आणि उच्चार ह्यांतील भेद ध्यानी घ्यावा. ‘घर’ ह्या शब्दातील अंत्य अकार मराठी लेखनात गृहीत असतो, उच्चारात नसतो. अक्षरन्‌अक्षर उच्चारणारा वाचक निष्ठावान नव्हे, अनभिज्ञ ठरतो. साठविलेले बिंदू हे लेखन होय. काचनळीवरील चित्र हा त्याचा उच्चार.

तथापि ४:३ हेही ब्रह्मवाक्य नव्हे. घरगुती दूरचित्रवाणी संचात चित्राच्या कडा चौकटीआड जात. आर्केडमधील पडद्याची रुंदी-उंची तंत्रज्ञास कमीअधिक करता येई. शिवाय आजच्या पडद्याची स्वतःची जाळी असते. ‘मिस्टर’सारख्या यंत्रात पडद्याची रीत आणि उभ्या प्रसरणाची रीत स्वतंत्रपणे ठरविता येतात. १०८० ओळींच्या पडद्यावर २२४ ओळींची नेमकी चौपट केल्यास ८९६ ओळी होतात, वर व खाली ९२-९२ ओळी रित्या राहतात. ह्या उंचीस ४:३ प्रमाणाने सुमारे ११९५ बिंदूंची रुंदी हवी. तिला ३८४ ने वा २५६ ने निःशेष भाग जात नाही. तेव्हा काही स्तंभ इतरांहून रुंद होतात, अथवा गाळणी लावून कडा किंचित मृदू कराव्या लागतात.

ह्या दोन हानींपैकी कडांची मृदुता पत्करणे श्रेयस्कर होय. काचनळीवरही बिंदूची कड काटेकोर नव्हती. आकृतीचे प्रमाण मात्र प्रेक्षकास प्रत्यक्ष दिसत होते. म्हणून प्रमाणास अग्रक्रम द्यावा, बिंदूंच्या एकरूपतेस दुय्यम स्थान. अशा खेळातील चित्र अभ्यासार्थ छापताना मूळ जाळी, योजिलेले प्रमाण आणि गाळणी ह्यांचा निर्देश आवश्यक मानावा. त्यावाचून ते चित्र पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.