खोक्यावरचे आकडे आणि आपली गरज

‘कोणता मोबाइल घेऊ?’ हा प्रश्न जूनमध्ये शाळा उघडताना आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर मला हमखास विचारला जातो. संशोधन करणाऱ्या माणसाला यातले कळत असणार, असा विचारणाऱ्याचा समज असतो. गेल्या वर्षी पाटण तालुक्यातल्या एका डोंगरी शाळेत शिकवणाऱ्या माझ्या स्नेह्यांनी तो विचारला. मीही चार खोक्यांवरचे आकडे ताडून पाहिले आणि छातीठोकपणे एक ५जी फोन सुचवला. आठवड्याने त्यांचा निरोप आला, “सर, फोन झकास आहे. फक्त शाळेत लागत नाही.” त्याच शाळेतल्या शिपायांच्या निम्म्या किमतीच्या फोनला मात्र, तेच सिमकार्ड घातले असता, व्यवस्थित रेंज येत होती.

कारण शोधायला मला एक संध्याकाळ लागली. मोबाइलच्या लहरी वारंवारतेच्या ठरावीक पट्ट्यांतून ये-जा करतात. ७०० मेगाहर्ट्झ लहरींची तरंगलांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते, तर ३५०० मेगाहर्ट्झची ९ सेंटिमीटरहूनही कमी. लांब लहरी डोंगराच्या कडेवरून अधिक वळतात, भिंतींतूनही त्या मानाने सहज जातात. विवर्तनाचा धडा शिकवताना आपण हेच सांगतो. त्या खोऱ्यातला मनोरा ७०० च्या पट्ट्यावर ४जी सेवा देत होता. नव्या फोनमध्ये ७०० चा पट्टा होता, पण तो फक्त ५जीसाठी. ४जीसाठी तो दिलेलाच नव्हता. ही माहिती खोक्याच्या दर्शनी बाजूला नव्हती. तांत्रिक माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत होती. चूक दुकानदाराची नव्हती, माझी होती. मी खोका वाचला, खोरे वाचले नाही.

तेव्हापासून मी ही खोकी, एखादे पाठ्यपुस्तक तपासावे तशी तपासू लागलो. परीक्षेत उत्तरापुढे एकक लिहिले नाही, तर आपण अर्धा गुण कापतो. ही शिस्त मोबाइलच्या खोक्याला लावली, तर किती गुण उरतील?

पहिला आकडा बॅटरीचा, ‘५००० एमएएच’. मिलिॲम्पिअर-तास हे विद्युतप्रभाराचे एकक आहे, ऊर्जेचे नव्हे. ऊर्जा काढायची तर विभवांतराने गुणावे लागते. ५ ॲम्पिअर-तास गुणिले ३.८५ व्होल्ट, म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा एवढ्या ऊर्जेवर दोन तास जळेल. आता ही ऊर्जा किती वेळ पुरेल, हे खर्चावर ठरते. मनोरा जवळ असला की फोन अगदी क्षीण शक्तीने बोलतो. मनोरा दूर किंवा डोंगराआड असला, तर तो प्रक्षेपणाची शक्ती वाढवत नेतो. ४जी फोनसाठी ही मर्यादा साधारण ०.२ वॅट आहे, आणि तेवढी शक्ती बाहेर टाकण्यासाठी बॅटरीतून त्याच्या काही पट ओढावी लागते. म्हणून साताऱ्यात पोवई नाक्यावर दिवसभर टिकणारी बॅटरी कोयनेच्या खोऱ्यात दुपारीच मान टाकू शकते. आकडा तोच, उत्तर वेगळे.

दुसरा आकडा मेमरीचा. हल्ली अनेक खोक्यांवर ‘८ + ८ = १६ जीबी रॅम’ असे छापलेले असते. यातले पहिले ८ खरे रॅम असते. दुसरे ८ साठवणीच्या जागेतून उसने घेतलेले असते आणि त्याचा वेग रॅमच्या तुलनेत फारच कमी असतो. बेरीज सजातीय राशींचीच होते, हे आपण सातवीच्या मुलांना बीजगणितात शिकवतो. या उत्तराला मी शून्य गुण देईन.

तिसरा आकडा कॅमेऱ्याचा. ‘५० मेगापिक्सेल’ म्हणजे पाच कोटी ठिपके. ते करंगळीच्या नखाहून लहान पट्टीवर बसवायचे, तर एकेक ठिपका ०.७ मायक्रॉनच्या आसपास येतो. पण भिंग कितीही निर्दोष असले, तरी विवर्तनामुळे प्रकाशबिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही, तिची लहानशी चकती होते. एफ/१.८ भिंगासाठी हिरव्या प्रकाशात तिचा व्यास सुमारे २.४ मायक्रॉन असतो. म्हणजे एका चकतीखाली अनेक ठिपके येतात. भरपूर उजेडात जास्त ठिपक्यांचा थोडा फायदा होतो, हे मान्य. पण एरवी फोन स्वतःच शेजारचे चार ठिपके एकत्र करतो आणि साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतो. शिक्षकाला फोटो कशाचे काढायचे असतात? वहीच्या पानाचे, फळ्याचे, एखाद्या दाखल्याचे. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या दर्जाने टिपायला सुमारे ८७ लाख ठिपके पुरतात.

खोका जे सांगत नाही, त्याचे मोल बहुतेकदा जास्त असते. सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळतील? बॅटरी किती वेळा भारित केल्यावर थकेल? पडदा फुटला तर दुरुस्ती होईल का? ही माहिती देता येत नाही, असे मुळीच नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनवर ऊर्जापट्टी लावावी लागते. एका भारणात फोन किती तास चालेल, बॅटरी किती भारणांपर्यंत टिकेल, पडल्यावर कितपत तग धरेल आणि दुरुस्तीला किती सोपा आहे, हे तिच्यावर दिलेले असते. आपल्याकडे फ्रिजवरचे तारे बघून खरेदी करायला लोक शिकले. फोनच्या बाबतीतही अशी पट्टी मागायला हवी.

विज्ञान शिक्षकांनी आणखी एक गोष्ट विचारावी, ती म्हणजे फोनमधले संवेदक. जर्मनीतील आखेन विद्यापीठाने तयार केलेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनची प्रयोगशाळा करते. मात्र त्यासाठी फोनमध्ये त्वरणमापक, चुंबकमापक, घूर्णदर्शी असावे लागतात आणि स्वस्त फोनमध्ये यांतले एखादे गाळलेले असते. दाबमापक तर मोजक्याच फोनमध्ये असतो. तो असेल, तर सहलीला अजिंक्यतारा चढताना मुलांना हवेचा दाब कमी होताना पाहता येईल. शहरापासून माथ्यापर्यंतच्या सुमारे ३०० मीटर चढाईत तो साधारण ३० हेक्टोपास्कलने उतरतो.

पण हे सगळे आकडे वाचता आले, तरी अर्धेच काम होते. गरज मोजायची राहतेच. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ती आपल्या परीने मोजली. कोविडच्या काळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात. तेव्हा संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायचा आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवायचा, असे गावाने ठरवले. भोंगा सगळीकडे चालेलच असे नाही. शहरात कोण ऐकणार, हा प्रश्न रास्त आहे. तरी मला त्या गावाचे कौतुक वाटते ते बंदीसाठी नाही. फोन कशासाठी हवा आणि किती वेळ हवा, हा प्रश्न त्यांनी एकत्र बसून विचारला. कोणत्याही खोक्यावर तो छापलेला नसतो.

म्हणून आता कोणी विचारले, तर मी फोनचे नाव सांगत नाही. उलट तीनच प्रश्न विचारतो. दिवसातला बराच वेळ कुठे असता आणि तिथे कोणती सेवा कोणत्या पट्ट्यावर येते? फोनवर नेमकी कोणती चार कामे करता? तो किती वर्षे वापरणार? उत्तरे कागदावर लिहून मगच दुकानात जावे. जुना फोन घ्यायचा असेल, तर *#०६# दाबून दिसणारा क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर तपासून घ्यावा. चोरीचा माल गळ्यात पडत नाही.

वर्गातही हे करून पाहण्यासारखे आहे. मुलांना घरातल्या फोनचे रिकामे खोके आणायला सांगा. फळ्यावर तीन रकाने आखा: आकडा, त्याचे एकक आणि ‘यावरून आपल्या घराला काय कळते?’ तिसरा रकाना बराचसा रिकामा राहील. तो का रिकामा राहिला, यावर एक तास सहज रंगेल.

माझ्या स्नेह्यांनी तो फोन कराडला कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला दिला. तिथे तो उत्तम चालतो. स्वतःसाठी त्यांनी शिपायांच्या सल्ल्याने दुसरा घेतला. या वेळी मला विचारले नाही, आणि ते योग्यच झाले.