आवडीचा निकष

आवड ज्याची त्याची, तिच्यावर वाद घालू नये, असे प्रस्थापित कलासमीक्षक सांगत आले आहेत. मला हे मान्य नाही. कोणत्या चित्रापाशी डोळा थांबतो आणि कोणते गाणे ऐकताना छाती भरून येते, हे ज्या समाजव्यवस्थेत माणूस वाढतो तीही ठरवीत असते. दलित साहित्याची समीक्षा आपण पुष्कळ केली. त्या मानाने चित्रे आणि गाणी यांविषयी फार थोडे लिहिले. म्हणून माझ्या आवडीच कसोटीला लावून पाहतो.

मी डोलवीचा. आमचे पेण गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे तिथले सर्वांत अवघड काम. हात जरा हलला की नजर बिघडते. मी मूर्तिपूजा मानीत नाही, पण श्रम मानतो. मूर्ती मखरात बसली की आखणी करणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. ढोलकी-तबल्याचेही तेच. मैफलीत दाद मिळते ती बोटांना. कातडे कमावणारा हात कुणाला आठवतो? श्रम पुसून जे उरते, त्यालाच अभिजनांनी ‘शुद्ध सौंदर्य’ असे नाव दिले आहे.

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील एक चित्र मला फार प्रिय आहे. भिक्षापात्र घेतलेला भव्य बुद्ध आणि त्याच्यापुढे लहानखुरे दिसणारे यशोधरा-राहुल. मायलेकांची नजर वर लागलेली. ती नजर भक्ताची असेल. मला मात्र तीत वारसा मागणारा मुलगा दिसतो. १९५६ साली नागपूरला आपणही आपला वारसाच मागितला होता.

दुसरे चित्रकार सवी सावरकर. जन्म नागपूरचा, १९६१ चा. गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधलेला त्यांचा अस्पृश्य दिवाणखान्याची शोभा वाढवीत नाही. ती रेषा खरबरीत आहे. आकृती वेड्यावाकड्या आहेत. ‘हे सुंदर आहे काय?’ असे विद्यार्थी विचारतात. मी उलट विचारतो, पेशवाईतले ते मडके गुळगुळीत रेषेत काढले असते तर ते खोटे ठरले नसते काय?

संगीताचा प्रश्न अधिक नाजूक आहे. गावकीची वाजंत्री अनेक गावांत आपल्याच लोकांकडे होती. दुसऱ्याच्या वरातीपुढे वाजवायचे आणि जेवायला दूर बसायचे! धर्मांतरानंतर ठिकठिकाणी ही वाद्ये खाली ठेवली गेली. तो नकार योग्यच होता. पण त्याने आपला सूर मेला नाही. भीमराव कर्डकांच्या जलशांनी तो आधीच चळवळीकडे वळविला होता. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) प्रौढपणी अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारो गीते लिहिली. विठ्ठल उमपांचा आवाज लागला की वस्ती जागी होई. विलास घोगरे तर गाण्याची किंमत प्राणाने देऊन गेले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात १० माणसे मेली. चार दिवसांनी या शाहिराने आत्महत्या केली.

आज आपल्यातील काही शिकलेल्यांना भीमगीते कर्कश वाटतात. त्यांना शास्त्रीय संगीत आवडते. जरूर आवडावे. बाबासाहेब स्वतः व्हायोलिन शिकले होते. कोणतीही कला आपल्याला परकी नाही. परंतु वरच्या रांगेत बसण्यासाठी आपल्याच शाहिराची लाज वाटणे, ही रसिकता नव्हे. ती सांस्कृतिक शरणागती होय.

त्याचबरोबर आपल्या गाण्यांचीही झाडाझडती घेतली पाहिजे. चित्रपटाची चालू चाल उचलायची, बाबासाहेबांचा जयजयकार करायचा आणि जयंतीला भिंती हादरवायच्या, एवढ्याने प्रबोधन होत नाही. वामनदादांचे गाणे ऐकणाऱ्याला विचार करायला लावीत असे. नुसत्या दणदणाटात विचार बुडतो. विभूतिपूजेला बाबासाहेबांचाच विरोध होता, हे गायकांनी विसरू नये.

माझा निकष साधा आहे. जी कला खाली घातलेली मान वर करते, ती माझी. मग ती अजिंठ्याच्या भिंतीवर असो की वस्तीच्या चौकात.

जुन्या गायनपार्ट्यांच्या गीतांच्या वह्या कोकणातल्या घराघरांत वाळवीच्या तोंडी जात आहेत. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्या उतरवून घ्याव्यात, म्हाताऱ्या गायकांचे आवाज टिपून ठेवावेत. उद्याचे सौंदर्यशास्त्र याच साधनांवर उभे राहणार आहे.