‘तू आलास’ : कुमारवयातील समलिंगी प्रेमकथा आणि मराठी परीक्षणाची भाषा

मराठी पुस्तकपरीक्षणात ‘धाडसी’ हा शब्द फार सोयीचा आहे. तो वापरला की लेखकाचे कौतुक होते, परीक्षकाचे मन मोकळे ठरते आणि पुस्तक मात्र न वाचताच बाजूला ठेवता येते. दोन मुलांच्या किंवा दोन मुलींच्या प्रेमावरच्या पुस्तकाला हा शब्द हमखास चिकटतो. प्रेमकथेला विचारायचे साधे प्रश्न मग राहूनच जातात : ही दोघे एकमेकांत कशी गुंतली? कुठे भेटली? काय बोलली? त्यांच्यातले बोलणे आपल्याला खरे वाटले का?

इंग्रजीत कुमारवाचकांसाठीच्या अशा प्रेमकादंबऱ्यांचा आता मोठा बाजार आहे. मराठीत तसा विभागच नाही, म्हणून परीक्षणाची सवयही नाही. तरीही ज्या दोन-तीन कृती हाताशी आहेत त्यांतली माणसे कॉलेजच्या वयाची आहेत, ही गोष्ट आपल्या समीक्षेने फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आले १९८१ साली. चाळीसच्या दशकातले कॉलेज, नाटकात पुरुषाची भूमिका करणारी सुमित्रा ऊर्फ मित्रा, तिला वेड लावणारी नमा, आणि मित्रावर जीव असलेला बापू. शेवट मित्राच्या आत्महत्येत. दुसऱ्याच वर्षी, १९८२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये घडणारी नॅन्सी गार्डनची ‘अ‍ॅनी ऑन माय माइंड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिथेही शिकण्याच्या वयातल्या दोन मुली, तिथेही उघडकीला येणे आणि चौकशी. पण शेवटी दोघी एकमेकींना परत मिळतात. त्याआधी, १९६९ मध्ये, जॉन डोनोवनच्या कादंबरीत दोन मुलांच्या जवळिकीची किंमत म्हणून नायकाचा लाडका कुत्रा मरतो. निदान त्या मुलाला तरी तसेच वाटत राहते. गार्डनने ही किंमत वसूल करायचे नाकारले. १९९३ साली कॅन्सस सिटीत तिच्या पुस्तकाची प्रत जाळण्यात आली. जवळच्या ओलेथाच्या शाळा-मंडळाने ते ग्रंथालयांतून काढले, तेव्हा विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये पुस्तक कपाटात परत आले.

ही तुलना मांडून तेंडुलकरांना मागासलेले ठरवणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. मित्राच्या मरणापेक्षा मला वेगळीच गोष्ट खटकते. नाटकाच्या नावाप्रमाणेच ही मित्राची ‘गोष्ट’ आहे, आणि ती सांगतो बापू. मित्राचे प्रेम आपल्यापर्यंत पोचते ते एका चांगल्या, हळव्या, पण बाहेरच्या माणसाच्या हातून. हिमांजली शंकर यांची ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ ही इंग्रजी कुमारकादंबरी २०१४ ची, म्हणजे कलम ३७७ पुन्हा जिवंत करणाऱ्या डिसेंबर २०१३ च्या निकालानंतर लगेच आलेली. तिच्यातही तेच. मुस्कान रुग्णालयात आहे, तिने जीव द्यायचा प्रयत्न केला आहे, आणि आलिया, प्रतीक व सुभोजॉय हे तिघे तिच्याविषयी बोलतात. मुस्कानच्या वाट्याला एकही प्रकरण नाही. लेखिकेने हे जाणून केले असणार. शाळेतली कुजबुज या रचनेत फार अचूक उतरते. पण पंधरा-सोळा वर्षांची जी मुलगी मुस्कानमध्ये स्वतःला शोधेल, तिला आतून ऐकू येणारा आवाज कुठे मिळणार?

तो मिळतो सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये. मौजेने ही कादंबरी २००६ साली काढली. घरात भाड्याने राहायला आलेला एक अनाम तरुण; त्याच्या प्रेमात तनय पडतो आणि तनयची बहीण अनुजाही. पहिला भाग तनयचे स्वगत, दुसरा अनुजाची रोजनिशी. तनय कुणाविषयी बोलत नाही, निघून गेलेल्या त्या माणसाशीच बोलतो. सगळे ‘मी’ आणि ‘तू’.

मराठीचे व्याकरण इथे गमतीचे काम करते. जेरी पिंटो यांचे इंग्रजी भाषांतर २०१३ चे. इंग्रजीत ‘आय’ला लिंग नाही, ‘यू’ला नाही, क्रियापदाला तर नाहीच, वाचक पाने उलटत गेला तरी बोलणारा कोण आणि ज्याच्याशी बोलतो तो कोण, हे झाकून ठेवता येते. मराठीत ‘तू आलास’ म्हटले की पडदा उठलाच. ‘मी थांबलो’ म्हटले की दुसराही. सकर्मक भूतकाळात ‘तू मला पाहिलंस’ म्हणून निसटता येते. भविष्यकाळातही, ‘येशील का?’ विचारणारा आणि येणारा कोण ते कळत नाही. म्हणजे आपल्या भाषेत लपायला जागा आहे ती पाहण्यात आणि पुढच्या आशेत. येण्याजाण्यात, बसण्याउठण्यात नाही. ‘एक व्यक्ती आवडते’ असे मुलगा घरात सांगू शकतो, कारण ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी आहे आणि आई खुशाल ‘ती कोण?’ विचारते. मराठीत कुमारांसाठी अशी प्रेमकथा लिहिणाऱ्याला ही सगळी सामग्री फुकट मिळालेली आहे. तिचा उपयोग झाला की नाही, हे बघणे परीक्षकाचे काम. ‘विषय नाजूकपणे हाताळला आहे’ एवढ्याने ते होत नाही.

२०२२ चा चित्रपट कुंडलकरांनी स्वतः केला, पण तो कोचीत नेला आणि मराठी सोडली. समुद्र आला, रंग आले. मराठी घराचे बोलणे गेले. हा सौदा मला तोट्याचा वाटतो.

खोलीचेही तेच. ‘कोबाल्ट ब्लू’ला भाड्याची खोली आहे, मित्रा आणि नमाला भेटायला जागा मिळते ती बापूच्या खोलीत. अमेरिकी कादंबरीत प्रत्येक मुलाला दार लावता येणारी स्वतःची खोली असते, तिथे कथानकाला हा प्रश्न पडतच नाही. मी दापोली तालुक्यातल्या बुरोंडीत राहतो. इथे होड्या लागतात त्या बंदरावर कोण कुणाशी किती वेळ बोलला हे दोघांच्या आधी घरी पोचते, आणि वर टेकडीवर परशुरामाच्या पुतळ्यापाशी पर्यटक असतात. मात्र दोन मुलगे खांद्यावर हात टाकून रस्त्याने गेले तर कुणी मान वळवत नाही. मुलगा-मुलगी गेली तर गाव वळते. परदेशी कादंबऱ्यांना ठाऊक नसलेली ही मुभा आहे, आणि तिच्यात एक कोंडीही आहे : सगळ्यांना दिसत असूनही काहीच न दिसणे. आमच्याकडच्या कथेचे खरे रहस्य इथे सापडेल.

मित्राविषयीच्या ओढीची भाषा मराठी कुमारवाङ्मयाला नवी नाही. याच तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी; त्यांचा श्याम मित्रांसाठी ज्या उत्कटतेने झुरतो, रडतो, तसे आजच्या कुमारकथेतला कुणी नायक रडणार नाही. श्यामला आजचे नाव चिकटवण्याचा उद्योग मला मान्य नाही. ते वाचन नव्हे, शिक्का मारणे झाले. पण त्या भाषेत मुलग्याने मुलग्यासाठी व्याकूळ होणे शक्य होते आणि वाचकाला त्याचा संकोच वाटत नव्हता, एवढे नोंदवायला हवे. ‘समलिंगी’ हा शब्द दवाखान्यातून आणि कोर्टातून आला, शिव्या रस्त्यावरून आल्या. मधली जी घरगुती भाषा होती, ती लेखकाने उचलली तर मुलांना आपली वाटेल.

सुखान्ताविषयी थोडे. इंग्रजी परीक्षणांत आता सुखान्त जवळजवळ अटच झाली आहे. दुःखान्त झाला की लेखकाला जाब विचारतात. इतक्या मरणांनंतर ही मागणी समजण्यासारखी आहे, पण अट म्हणून ती मला पटत नाही. अनुजाला तो तरुण सोडून जातो, तनयलाही. दोघे उद्ध्वस्त होतात, पण सारख्याच कारणाने. तनयचे दुःख त्याच्या मुलगा असण्याचे नाही, सोडून दिले गेल्याचे आहे. प्रेमभंगाचा हा समान हक्क कादंबरीने दिला, आणि कलम ३७७ वरचा ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल तेव्हा बारा वर्षे लांब होता.

या सगळ्याला व्यवहाराची बाजू आहे. तालुक्याच्या वाचनालयात पुस्तके निवडणारी मंडळी परीक्षणे वाचतात. ‘धाडसी’ हा शब्द दिसला की पुस्तक एक तर घेतले जात नाही, किंवा प्रौढांच्या कपाटात, आतल्या रांगेत जाते. नववीतला मुलगा ते मागायला काउंटरवर येणार नाही. त्याच पुस्तकाविषयी ‘कॉलेजच्या वयातली प्रेमकथा, मधला भाग रेंगाळतो, भावा-बहिणीतले नाते उत्तम’ असे कुणी लिहिले, तर ते बाहेरच्या मांडणीवर राहील, आणि नेताना कुणाला काही सांगावे लागणार नाही.