चम्पेय्य नाग आणि पडद्यावरचा हत्ती

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात चम्पेय्य जातकाचे चित्रण आहे. उपोसथव्रत पाळणारा नागराज बोधिसत्त्व एका गारुड्याच्या हाती सापडतो. गारुडी त्याला छळून दुबळा करतो, पेटाऱ्यात घालतो, गावात नाचवून पैसा मिळवतो आणि पुढे वाराणसीच्या राजासमोर खेळ मांडतो. लोकांना नाच तेवढा दिसतो. जातककथा नाचापूर्वी काय घडले ते सांगते. प्राण्यांच्या चित्रपटांविषयी लिहिताना आपल्याकडे नेमका हाच भाग सुटतो.

'हाथी मेरे साथी' (१९७१) हे त्याचे ठळक उदाहरण होय. चिन्नप्पा देवर यांची निर्मिती आणि एम. ए. तिरुमुगम यांचे दिग्दर्शन असलेला हा चित्रपट प्राणिप्रेमाचा आदर्श म्हणून प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. निर्धन झालेला नायक रस्त्यावर हत्तींचे खेळ करून पोट भरतो, त्यातूनच वैभवाला चढतो, आणि शेवटी रामू हत्ती गोळी झेलून प्राण सोडतो. कथा हत्तीला मित्र म्हणते, पण या मैत्रीत हत्तीच्या वाट्याला केवळ देणेच आले आहे. शिवाय रामू हा काही नट नव्हे. खुणेसरशी गुडघे टेकणारा हत्ती कोणीतरी आधी खुंट्याला बांधून 'तयार' केलेला असतो. ज्या आज्ञाधारकतेने प्रेक्षकांचे डोळे पाणावतात ती त्या खुंट्याची कमाई आहे. आणि खुंटा पडद्यावर येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मज्झिमनिकायातील दन्तभूमिसुत्तात रानहत्तीला पकडून खांबाला बांधण्याचा दृष्टांत स्वतः भगवंतांनी दिला आहे. मग हत्तीचे दमन धम्माला मान्यच नाही काय? आमच्या मते दृष्टांत म्हणजे अनुज्ञा नव्हे. भिक्खू आपले चित्त चार सतिपट्ठानांना स्वेच्छेने बांधतो; हत्तीला कोणी विचारलेले नसते. आणि सुत्त खांब लपवीत नाही. हत्तीच्या रानातल्या सवयी व रानाची ओढ मोडण्यासाठीच तो आहे, असे ते स्वच्छ सांगते. धम्मपदाच्या नागवग्गात तर बंधनात घास न घेणारा, नागवनाची आठवण काढणारा धनपाल हत्ती आहेच.

कायद्याने काही मजल मारली आहे. १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम २२ अन्वये १४ ऑक्टोबर १९९८च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर आणि त्यासाठीच्या शिक्षणावर बंदी घातली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. हत्ती त्या यादीत नव्हता. चित्रपटाच्या आरंभी झळकणारी 'कोणत्याही प्राण्यास इजा झालेली नाही' ही पाटी चित्रीकरणाच्या दिवसांपुरती बोलते. त्याआधीच्या दमनाबद्दल ती मुकी आहे.

पाणातिपाताची पाच अंगे मोजून कोणी म्हणेल की प्राणी मेला नाही, तेव्हा शील भंगले नाही. हा हिशेब अपुरा आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. हीच कसोटी बंधनाला लावली तर करमणुकीच्या बाजूने कोणती गरज दाखविता येईल? आम्ही तर याला अदिन्नादानही म्हणू, कारण हत्तीने न दिलेले त्याचे अरण्य त्याच्यापासून घेतलेले असते.

ब्रह्मजालसुत्तात हत्ती, घोडे, रेडे, मेंढे, कोंबडे यांच्या झुंजी पाहण्यापासून श्रमण गोतम विरत असल्याचे सांगितले आहे. हे भिक्खुशील आहे, उपासकावर ते बंधनकारक नाही, हे खरे. तरीही तेथे बोट झुंज लावणाऱ्याकडे नसून पाहणाऱ्याकडे आहे, हे तिकीट काढणाऱ्या उपासकाने ध्यानात घ्यावे.

'लाइफ ऑफ पाय' (२०१२) मधील वाघ बहुतांशी संगणकावर घडविलेला होता. तरीही काही दृश्यांसाठी जिवंत वाघ आणलेच गेले. संगणकाचा वाघ घडविताना कारागिरांनी खऱ्या वाघाच्या हालचाली निरखल्या होत्या. त्या निरखण्याला आमचा आक्षेप नाही. मात्र निरखण्यासाठीही तो वाघ पिंजऱ्यातलाच निवडला गेला होता.