हळद घेतली तर गोळी निम्मी करता येते का?

वडीगोद्रीच्या फाट्यावर कुठल्याही मेडिकलसमोर दहा मिनिटं उभे राहा. जालन्याकडचा रस्ता इथे धुळे-सोलापूर हायवेला मिळतो, त्यामुळे गर्दी असतेच. त्या दहा मिनिटांत कुणीतरी येणार आणि म्हणणार, "दुखायची गोळी द्या." नाव नाही, चिठ्ठी नाही. बहुतेक वेळा ती डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅक असते, सोबत पॅरासिटामॉल. आमच्याकडे ऊस आहे, कापूस आहे, आणि वाकून करायची कामं आहेत. गुडघे चाळिशीतच बोलायला लागतात.

माझी काकू त्यातलीच. सकाळी एक गोळी, रात्री एक, आणि झोपताना निर्गुडीच्या पाल्याचा शेक. गेल्या दिवाळीत तिने मला विचारलं, "पोरी, तू त्या औषधाचंच शिकतीस ना? मोबाईलवर सांगत होते, हळदीची कॅप्सूल घेतली की गोळीचा जोर वाढतो. मग मी गोळी निम्मी केली तर चालंल का?"

मी फार्माकॉलॉजीत पीएचडी करते, आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून परत गेल्यावर या विषयावरचे पेपर काढून बसले. हा लेख म्हणजे त्या वाचनाची तक्रार समजा. आधीच सांगते, मी वनस्पतींच्या विरोधात नाही. माझा स्वतःचा विषय वनस्पतींचाच आहे. तक्रार प्रश्न विचारण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. काकूला गोळी निम्मी का करायचीय? पैशासाठी नाही, तिला जळजळ होते म्हणून. डायक्लोफेनॅकसारखी औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स नावाचं एन्झाइम रोखतात. सूज आणि वेदना त्यामुळे कमी होतात. पण तीच प्रोस्टाग्लँडिन्स जठराचं अस्तर सांभाळतात आणि किडनीचा रक्तपुरवठा चालू ठेवायला मदत करतात. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर शेतात, पाणी कमी, आणि वर रोज ही गोळी, हे किडनीसाठी वाईट गणित आहे. म्हणून "डोस कमी करता येईल का" हाच या सगळ्या संशोधनाचा खरा प्रश्न असायला हवा. बहुतेक पेपरांची प्रस्तावनाही हेच म्हणते. पुढच्या पानांवर काय होतं ते बघा.

सुरुवात निर्गुडीपासून करू, कारण ती ओढ्याकाठी आपोआप उगवते आणि सगळ्यांना माहीत आहे. जम्मूच्या टंडन आणि गुप्ता यांचा 2006 चा एक पेपर आहे, इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये. त्यांनी उंदरांच्या पंजात कॅराजीनन टोचून सूज आणली. (कॅराजीनन हा समुद्री शेवाळातून निघणारा पदार्थ, सूज आणण्यासाठी प्रयोगशाळेत नेहमी वापरतात.) मग निर्गुडीच्या पानांचा अर्क मुद्दाम इतका कमी दिला की एकट्याने त्याचा फरक पडू नये. आयबुप्रोफेन आणि फिनाइलब्युटाझोन हीही तशीच, एकट्याने पुरी न पडणाऱ्या मात्रेत. आणि मग जोडी दिली. जोडीने सूज उतरली.

मला हा पेपर आवडतो. साधा आहे, पण प्रश्न बरोबर विचारलाय: दोन्ही कमी घेऊन काम होतं का? काकूचाच प्रश्न. अडचण अशी की उंदराची ती सूज काही तासांची आहे आणि काकूच्या गुडघ्याची झीज काही वर्षांची. शिवाय उंदराला अर्क पोटातून दिलाय. काकू पाला तव्यावर गरम करून वरून बांधते. या दोन गोष्टींना एकच "निर्गुडी" म्हणणं मला पटत नाही, तरी आपल्याकडच्या जाहिराती बिनदिक्कत म्हणतात.

अजून एक शब्द इथे समजून घ्यायला हवा, कारण जवळजवळ प्रत्येक पेपरात तो मिरवला जातो: सिनर्जी. समजा, नुसत्या दोन गोळ्यांनी जितकं दुखणं कमी होतं तितकंच नुसत्या चार चमचे अर्काने होतं. मग एक गोळी आणि दोन चमचे घेतले तर तेवढाच आराम मिळायला हवा. ही झाली साधी बेरीज, त्यात जादू काही नाही. अर्धी गोळी आणि एक चमचा एवढ्यातच तेवढा आराम मिळाला, तर ती सिनर्जी. कागदावर गोळी एका अक्षावर, अर्क दुसऱ्या अक्षावर, मध्ये बेरजेची रेषा. जोडीचा बिंदू रेषेच्या बराच खाली आला पाहिजे. याला आयसोबोलोग्राम म्हणतात. क्युरक्युमिन, म्हणजे हळदीतला पिवळा घटक, आणि डायक्लोफेनॅक यांची जोडी उंदरांवर या पद्धतीने तपासलेली आहे, आणि बिंदू रेषेखाली आला होता. "दोन्ही दिलं तर एकापेक्षा जास्त फरक पडला" एवढ्यावरच सिनर्जी म्हणणारे पेपर मात्र ढिगाने आहेत. दोन माणसांनी एका माणसापेक्षा जास्त ऊस तोडला, यात नवल ते काय?

आता माणसांकडे येऊ. इथे महाराष्ट्रातलाच एक अभ्यास आहे, म्हणून मी तो दोनदा वाचला. कराडच्या शेप, खानवेलकर आणि सहकाऱ्यांचा, 2020 मध्ये मेडिसिन या जर्नलमध्ये आलेला. गुडघ्याची झीज असलेले 140 रुग्ण. एका गटाला डायक्लोफेनॅक 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दुसऱ्या गटाला तेच डायक्लोफेनॅक, तितकंच, आणि सोबत हळदीच्या क्युरक्युमिनॉइड्सची 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल दोनदा. असे 28 दिवस. निकाल ऐकायला झकास आहेत. वेदना आणि जगण्याची गुणवत्ता, दोन्हीत जोडीचा गट पुढे. वरून जादा वेदनाशामक लागलं ते जोडीच्या गटात 3 टक्के लोकांना, नुसत्या डायक्लोफेनॅकच्या गटात 17 टक्क्यांना. अ‍ॅसिडिटीचं औषध द्यावं लागलं 6 टक्क्यांना, तिकडे 28 टक्क्यांना. एकूण दुष्परिणाम 13 विरुद्ध 38 टक्के.

आकडे बघून मला पहिल्यांदा आनंदच झाला. काकूला फोन करणार होते. मग "तितकंच" या शब्दावर अडकले.

दोन्ही गटांत डायक्लोफेनॅक दिवसाला 100 मिलिग्रॅमच आहे. कुणाचीच गोळी निम्मी झालेली नाही! म्हणजे "पूर्ण गोळीवर हळद वाढवली तर बरं वाटतं का" याचं उत्तर या अभ्यासात आहे. "हळद घेतली तर गोळी कमी करता येते का" याचं नाही. उंदरांवर आपण दुसरा प्रश्न विचारतो, माणसांवर पहिला, आणि लेखाच्या शेवटी दोन्हींची उत्तरं एकत्र कालवतो. मोबाईलवरच्या व्हिडिओत जे पोचतं ते हे कालवण.

दुसरं. कोण काय घेतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरांना माहीत होतं. एका गटाला गोळी आणि कॅप्सूल, दुसऱ्याला फक्त गोळी, खोटी कॅप्सूल नाही. तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडतं? वेदना आपण सांगतो, ती थर्मामीटरने मोजता येत नाही. आपल्याला काहीतरी जास्तीचं, नवं औषध मिळतंय हे कळलं की सांगणं बदलतं. आणि अ‍ॅसिडिटीचं औषध लिहून देणं हा डॉक्टरांचा निर्णय. हा रुग्ण हळदवाला आहे हे माहीत असताना पेन थोडा थांबतो. मुद्दाम नाही, माणूस म्हणून. 6 आणि 28 मधला सगळा फरक यातून आला असं मी म्हणत नाही. किती आला हे या रचनेत वेगळं काढता येत नाही, एवढंच.

तिसरं, 28 दिवस. नागपूरच्या संशोधकांनी 2007 मध्ये सालई गुग्गुळाच्या अर्काची व्हाल्डेकॉक्सिबशी तुलना केली होती, 66 रुग्णांवर. तीही उघडी चाचणी, पण सहा महिने चाललेली. त्यात गोळीचा गुण महिन्यात दिसला आणि गोळी थांबताच गेला. सालईचा गुण दिसायला दोन महिने लागले, पण औषध थांबवल्यावरही महिनाभर टिकला. वनस्पती जर अशा सावकाश चालणार असतील, तर चार आठवड्यांत जोडीबद्दल काय कळणार? आणि किडनीबद्दल तर काहीच नाही. काकू ही गोळी सहा वर्षं घेतेय.

"आपल्याकडे मोठ्या, नीट चाचण्या परवडत नाहीत" हे उत्तर मला सेमिनारमध्ये नेहमी मिळतं. ते खरं नाही. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी 2013 मध्ये र्‍हूमॅटॉलॉजी या जर्नलमध्ये आली. 440 रुग्ण, 24 आठवडे, डबल-ब्लाइंड, चार गट: गुळवेल-सुंठ-आवळ्याचं एक मिश्रण, त्यातच सालई गुग्गुळ घातलेलं दुसरं, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब. वनस्पतींची मिश्रणं बाकी दोघांच्या तोडीची ठरली. ही तुलना होती, जोडी नव्हती. पण मला त्यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरवरचा ताण दाखवणारं एन्झाइम, वाढलं होतं; त्रास काही नव्हता, आणि औषध थांबवल्यावर ते उतरलं. हे त्यांनी पेपराच्या सारांशातच लिहिलं, तळटीपेत लपवलं नाही. वनस्पतीचं संशोधन असं असतं.

मग जोडीची चाचणी कशी असावी? माझ्या मते तीन गट पुरतील. पूर्ण डायक्लोफेनॅक आणि खोटी कॅप्सूल. निम्मं डायक्लोफेनॅक आणि हळदीची कॅप्सूल. निम्मं डायक्लोफेनॅक आणि खोटी कॅप्सूल. तिसरा गट सगळे विसरतात, आणि तोच सर्वात गमतीचा. कारण कदाचित काकूला मुळात निम्मी गोळीच पुरत असेल, हळद असो की नसो! तो गट नसेल तर सगळं श्रेय हळदीला जाणार.

चौथी गोष्ट रक्तातली. हळद पोटातून नीट शोषली जात नाही, म्हणून बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरीन घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या 1998 च्या प्रसिद्ध अभ्यासात 20 मिलिग्रॅम पायपरीनने माणसांमध्ये क्युरक्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली होती. जाहिरातीत हा आकडा तुम्ही पाहिला असेल. पण पायपरीन हे कसं करतं? औषध मोडून बाहेर टाकणारी शरीराची यंत्रणा ते मंदावतं. ती यंत्रणा फक्त हळदीसाठी नसते, दुसरी औषधंही त्याच वाटेने जातात. तेव्हा "जोर वाढला" याचा अर्थ कधीकधी एवढाच की गोळीच रक्तात जास्त साठली. मग आराम जास्त, आणि किडनीवरचा भारही जास्त. जोडीच्या चाचणीत औषधाची रक्तातली पातळी मोजलेली नसेल, तर तो पेपर मी आता अर्धाच वाचलेला समजते.

आणि काही जोड्या तर घेणाऱ्याला माहीतही नसतात. 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आर्ट्री किंग नावाच्या, सांधेदुखीवर "नैसर्गिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल इशारे दिले. तपासणीत त्यात डायक्लोफेनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं होतं; डबीवर दोन्हींचा उल्लेख नव्हता. बाजाराच्या दिवशी चादर टाकून विकली जाणारी बिनलेबलची पुडी चार दिवसांत गुडघा मोकळा करत असेल, तर मला पहिली शंका हीच येते.

काकूला शेवटी काय सांगितलं? हळदीच्या भरवशावर गोळी निम्मी करू नकोस, पण रोज दोन गोळ्याही चालू ठेवू नकोस; आधी क्रिएटिनिन आणि बीपी बघू. आम्ही अंबडला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. क्रिएटिनिन ठीक निघालं. डॉक्टरांनी पोटातली गोळी थांबवून डायक्लोफेनॅकचं जेल दिलं. गुडघ्यावर लावलेल्या जेलमधून रक्तात पोचणारं औषध गोळीच्या मानाने फारच थोडं असतं, सुमारे 6 टक्के, आणि गुडघ्याच्या झिजेसाठी आता बऱ्याच मार्गदर्शक सूचना आधी जेलच वापरायला सांगतात. खूपच दुखलं तर जेवणानंतर गोळी.

काकूने मान डोलावली आणि विचारलं, "मग पाला कधी बांधू?" जेल लावलेल्या जागी वरून शेक देऊ नये, असं जेलच्या माहितीपत्रकात असतं; उष्णतेने औषध जास्त आत जातं. म्हणून आता जेल सकाळी आणि निर्गुडी रात्री असं ठरलंय. निर्गुडीचा गरम पाला आणि डायक्लोफेनॅकचं जेल, या जोडीवर माणसांमध्ये केलेली एकही चाचणी मला अजून सापडलेली नाही. तुमच्या पाहण्यात असेल तर मला जरूर कळवा.